जवळ्याच्या भुकटीत व्हॅनिला

स्वातीने तिसऱ्यांदा नमुना मशीनला लावला आणि तिसऱ्यांदाही स्क्रीनवरच्या रेषेत ते उंच टोक निघालंच. एथिल व्हॅनिलिन! केक-बिस्किटांत घालतात तो कारखान्यातला वास. निसर्गात औषधालाही सापडत नाही. आणि नमुना कशाचा, तर सुक्या जवळ्याच्या, त्या बारीक कोलंबीच्या भुकटीचा. मसाला कंपनीला पाकिटावर ‘नैसर्गिक स्वाद’ छापायचं होतं म्हणे.

बाटलीवर नुसता नंबर होता. पण काशीमीऱ्याच्या या लॅबमध्ये जवळा एकाच ठिकाणाहून येई, चौक नावाच्या कोळीवाड्यातून, तिच्या मंजुळामावशीच्या बचत गटाकडून. माल मावशीचा आहे हे तिने सकाळीच साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चार वर्षांत तिने इथे कुणाला आपलं गावही धड सांगितलं नव्हतं. पाच वाजता मसाला कंपनीचा जितेश रिपोर्ट न्यायला येणार होता. पास झालं तर चौदा बायकांना वर्षभराचं काम, नापास झालं तर भेसळीचा शिक्का.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

“मावशी, काय मिसळलंस भुकटीत?”

“एकवीरेची शपथ, काय पन मिसळलं न्हाय!”

“मग भरलीस कशात?”

“नव्या पिंपांत. भंगारवाल्याकडं बिस्किटवाल्यांची व्हती. किती धुतली, तरी ग्वाड वास हाय बघ!” मावशी खुशीत होती. “मीच निवडली. तो जितेश आला का नाक धरतोय. म्हटलं, या खेपेला धरायला नको.”

स्वातीला रागवायचं होतं. पण रागावणार कुणावर? मासळीचा वास जावा म्हणून ती स्वतः रोज लिंबाने हात चोळून कामाला येत होती.

फ्रिजमधल्या तिच्या डब्यात याच दळणाची भुकटी होती, घरच्या बरणीतली. बाटलीतली ओतून ही चिमूटभर भरली की रेष साफ. खोटं तरी काय होतं त्यात? मावशीने खरंच काही मिसळलं नव्हतं. तिने डबा उघडला. चमचा हातात घेतला. पण पिंपांतली चाळीस किलो भुकटी तशीच लोकांच्या कालवणात जाणार होती, तीही स्वातीच्या सहीने. तिने डबा बंद केला आणि रिपोर्टवर ‘नापास’ लिहून सही ठोकली.

पाचला जितेशने रिपोर्ट वाचला. “शेवटी त्या बायकांनी भेसळ केलीच ना? ऑर्डर कॅन्सल करतोय मी.”

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आली. डोक्यावर टोपली, कपाळावर घाम. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात सगळं आलं असणार. एसीच्या गारव्यात सुक्या जवळ्याचा वास घमघमला आणि जितेशचा हात नाकाकडे गेला.

“धर, धर नाक,” मावशी म्हणाली. “त्या नाकापायीच ग्वाड वासाची पिंपं घेतली मी. चूक माजी हाय, पन भेसळ न्हाय.”

मग टोपली उतरवून ती स्वातीकडे वळली. ओळखीची खूणही चेहऱ्यावर न दाखवता, हात जोडून म्हणाली, “मॅडम, यो जवळा पिंपात गेला न्हाय. याची टेस्ट कराल का?”

सगळा स्टाफ बघत होता. ‘मॅडम’ ऐकून स्वातीच्या काळजात चर्र झालं.

“मला नाही करता येणार,” ती मोठ्याने म्हणाली. “ही माझी सख्खी मावशी आहे. टेस्ट आमच्या लॅबमधली संजना करेल.”

आणि रोज लिंबाने चोळायची ते दोन्ही हात टोपलीत घालून तिने ओंजळभर जवळा उचलला.