दुपारची वीणा

सप्त्यातला दुपारचा पहारा कोणालाच नको असतो. सकाळचं पारायण उठलं की बायाबापडे जेवायला पांगतात, हरिपाठाला अजून अवकाश असतो. पत्रे तापतात. देवळात उरतात दोघंच: गाभाऱ्यातला पांडुरंग आणि गळ्यात वीणा घालून उभा असलेला पहारेकरी. सात दिवस ती वीणा जमिनीला टेकवायची नाही, की गप्प होऊ द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. पुढचा माणूस आला नाही, तर मागच्यानं उभंच राहायचं. पाय मोडले तरी बसायचं नाही.

म्हणून वैजनाथनं हा पहारा आपण होऊन मागितला, तेव्हा पहारे लावून देणाऱ्या उत्तमरावांना गहिवरून आलं.

"देवानं ऐकलं म्हणायचं," ते म्हणाले. "पोरगं वळणावर आलं."

वैजनाथनं मान खाली घातली. दुपारचा पहारा त्यानं का मागितला, ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. दुपारी देवळात बघायला कोणी नसतं.

त्याची बायको राजनंदिनी हळदीचा हंगाम लागल्यापासून आखाडा बाळापूरला माहेरी होती. घरची हळद शिजत होती त्या दिवशी ड्रममध्ये वाफ सोडायच्या कॉकवर वैजनाथ होता. राजनंदिनी ड्रमचं झाकण काढायला वाकली आणि ओरडली, "कॉक बंद करा!" वैजनाथच्या दोन्ही कानांत फोनच्या वायरी होत्या, अंगठे पडद्यावर होते, फोनवरच्या गोळीबाराच्या डावात त्याचा गडी भिंतीआड दबून बसला होता. ती तीनदा ओरडली म्हणतात. त्याला एकदाही ऐकू आलं नाही. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात भाजला.

ती भांडली नाही, रडलीसुद्धा नाही. हाताला पट्टी बांधून बापाच्या मोटारसायकलवर बसून गेली. परवा फोनवर एवढंच बोलली, "आवो, सप्ता बसून राहिला ना गावात? एक पहारा धरा. फोन घरी ठेवून. एवढा एक निभावला तर मी शेवटच्या दिवशी काल्याला येते. निभावला का न्हाई ते मी आत्याला विचारीन. त्या देवळात खोटं बोलायच्या न्हाईत."

आत्या म्हणजे गोजरबाई, वैजनाथच्या वडलांची थोरली बहीण. डोळ्यांतल्या मोतीबिंदूनं तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. सप्ता बसला की ती खांबाला टेकून दिवसभर कापसाच्या वाती वळायची. वैजनाथनं हिशेब केला होता: आत्याला दिसत नाही.

खरं सांगायचं तर खेळात गोडी अशी उरलीच नव्हती. तो खेळ त्यानं कितीदा फोनमधून काढून टाकला होता आणि तितक्याच वेळा परत घेतला होता. शेतात पाणी द्यायला गेला की मोटार चालू करून बांधावर बसायचा, एक डाव म्हणून; उठायचा तेव्हा वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलेलं असायचं. झोपेतही अंगठे हलायचे. बंद करावं असं वाटायचं, आणि ते वाटत असतानाच हात नवा डाव लावून राहिलेला असायचा. जणू हात दुसऱ्याच कोणाचे होते.

आधीच्या पहारेकऱ्यानं वीणा त्याच्या गळ्यात घातली, पायाला हात लावला आणि जेवायला पळाला. खांबापाशी बसलेली आत्या सोडली तर देऊळ रिकामं झालं. वैजनाथनं टोपीखालून एक वायर कानात सरकवली. एका कानात वीणा, एका कानात खेळ. फोन वीणेच्या भोपळ्याआड, पोटाशी धरला.

"राम कृष्ण हरी," तो म्हणाला. तार छेडली. अंगठा पडद्यावर फिरवला.

थोडा वेळ निभलं. उजव्या हातानं तार, डाव्यानं खेळ. पण गोळीबार सुरू झाला की दोन्ही अंगठे लागतात. कानात हिंगोलीचा रविंद्र ओरडला, "अबे वैजू, किधर है? कव्हर दे ना!" वैजनाथचा उजवा हात तारेवरून सुटला.

वीणा गप्प झाली.

आणि त्याच क्षणी खांबापाशी आत्याचा आवाज लागला, "राऽम कृष्ण हऽरी..."

चपापून त्यानं पुन्हा तार छेडली. आत्या थांबली. वाती वळू लागली, जसं काही झालंच नाही.

कळलं का हिला? कसं कळेल! म्हाताऱ्या माणसाला मधूनच नाम आठवतं. वैजनाथनं स्वतःची समजूत घातली आणि पुन्हा डावात शिरला. पुन्हा दोन्ही अंगठे. पुन्हा वीणा मुकी. पुन्हा आत्याचा तो चिरका, थरथरता सूर. तार वाजली की आत्या गप्प, तार थांबली की आत्या सुरू. दोन-चारदा असं झाल्यावर त्याला कळलं. बाई बोलत नव्हती, टोमणा नव्हता, वर मान नव्हती. तिच्या भावाच्या लेकानं पाडलेली भोकं ती आपल्या गळ्यानं बुजवत होती, सप्ता खंडू नये म्हणून.

तरी त्याला डाव सोडवेना. हेच तर होतं. समोर देव, शेजारी आत्या, गळ्यात न उतरवता येणारी वीणा, हातातून न सुटणारा फोन. कोणीतरी यावं आणि दोन्हीतलं एक काहीतरी काढून न्यावं असं त्याला वाटलं. पुढचा पहारा नरसिंगचा. त्याची हळद आजच शिजत होती, म्हणजे तो लवकर येत नाही. पायांना मुंग्या आल्या. पाठीला घामाची धार लागली. रविंद्र शिव्या देऊन राहिला. आता शेवटचं वर्तुळ, आता थोडंच राहिलं...

आत्याचा सूर लांबला. लांबतच गेला. श्वास पुरेना तशी ती मध्येच "हरी" गिळायची, पण थांबायची नाही. मग तिला ठसका लागला. खोकत खोकत ती जमिनीवर ओणवी झाली, आणि त्या खोकल्यातूनही "राम... राम..." निघत राहिलं.

ओरडणारी बाई या खेपेला त्याच्या उघड्या कानाच्या बाजूला होती.

वैजनाथनं तार छेडली. जोरात. मग मोठ्यानं म्हणाला, "राम कृष्ण हरी! आत्या, पाणी पी. तांब्या डाव्या हाताला हाय."

तिनं चाचपडत तांब्या घेतला, पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं.

"आत्या, तुला कवापासून माहीत?"

"काय रं?"

"येड पांघरू नको. फोनाचं."

"टोपीखाली वायर घालून कोन देवळात उभं राहतं बाबा," आत्या म्हणाली. "मला दिसत न्हाई, पर मघा तू डावात मुंडी घालून होतास तवा शेजारची जनकाबाई पाणी ठेवाया आली होती, तिला दिसतं ना. म्हने, तुमच्या वैजूच्या कानाला काय झालंय?"

वैजनाथला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही. दोन्ही त्यानं गिळलं.

"मग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले तर नाम थांबतं. तुझा डाव चालू, माझा बी चालू." तिनं वातींचा कापूस मांडीवर सारखा केला. "दमले पर. तुझ्याएवढा दम न्हाई मला."

कानात रविंद्र अजून ओरडत होता. वैजनाथनं मान झटकून वायर पाडली. उजवं बोट तारेवर ठेवूनच तो खांबाजवळ सरकला.

"आत्या, हात वर कर. हा घे. ठेव तुझ्या पिशवीत."

आत्यानं फोन घेतला, गरम कढईगत चटकन पिशवीत टाकला. "वीणा घ्यायला तरी नरसिंग येईल. ह्याला पुढचं घेनारं कोन हाय? हा तुझ्याच गळ्यात राहनार."

वैजनाथनं तार छेडली. बोट तारेवर फिरत राहिलं. डावा अंगठा मात्र रिकाम्या हवेत वरखाली होत होता. तो त्यानं मुठीत दाबून धरला.

तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. आत्यानं बाहेर काढला; त्याचं तोंड कुठलं, पाठ कुठली, तिला कळेना. वैजनाथनं पडदा बघितला. राजनंदिनी.

"बोट खालच्या अंगाला ठेव अन उजवीकडं सरकव. आता वरच्या कोपऱ्यात दाब, म्हंजे आवाज मोठा येतो... व्हय."

"आत्या?" फोनमधून आवाज आला. "फोन यांचा, अन उचलला तुमी? म्हंजे यांनी फोन तुमच्याकडं ठेवला? खरं सांगा."

आत्यानं वैजनाथकडं तोंड फिरवलं. तिची बुबुळं पांढरी होती, पण त्याला ती नजर चुकवता आली नाही.

"ठेवला," तो स्वतःच बोलला. "पर आत्ता ठेवला. आधी खेळत होतो. वीणा कितीदा थांबली. आत्यानं नाम धरलं म्हणून सप्ता राहिला. माझ्याच्यानं न्हाई निभावला."

उन्हात पत्रे तडतडले. तार वाजत होती.

"ही आता कोन वाजवून राहिलं?" राजनंदिनीनं विचारलं.

"मीच."

"पुढचा कोन?"

"नरसिंग. हळद शिजवायला अडकला. आला न्हाई."

"मग उभे रहा." आवाज कोरडा होता, पण ती फोन ठेवत नव्हती. मग म्हणाली, "काल्याला मी येनार न्हाई. ठरलं ते ठरलं. उद्या दुपारचा पहारा कोनाचा?"

"मागतो."

"मागा. अन फोन आत्याजवळ ठेवा, असाच चालू. मी इकडून ऐकते. हाताला मलम लावत बसते, तवर ऐकते. थांबली तर मला कळंल."

"ऐक," तो म्हणाला.

नरसिंग आला तेव्हा हरिपाठाची माणसं जमायला लागली होती. हात कोपरापर्यंत पिवळे. "माफ कर माऊली, ड्रम उतरल्याबिगर निघता येईना," म्हणत त्यानं नळावर हात खसाखसा घासले, तरी पिवळे ते पिवळेच. वैजनाथनं मान वाकवली. वीणा निघाली, तसा पलीकडं राजनंदिनीनं फोन ठेवला.

गळा हलका झाला आणि त्याला भीती वाटली. दोन्ही हात रिकामे होते. वीणा होती तोवर निदान एका हाताला काम होतं. आता घर, रिकामी खाट, संध्याकाळ.

"घे तुझं लेकरू," आत्यानं पिशवी पुढं केली. आत फोन पुन्हा थरथरत होता. आता रविंद्र असणार, दुसऱ्या डावाला बोलवत असणार.

हात पुढं गेला. वैजनाथनं तो स्वतःच बघितला, पुढं जाताना. त्यानं पिशवीचे बंद धरले, आत हात घातला नाही.

"राहू दे आतच. उद्यापर्यंत तुझ्या घरी."

"मग चल, मला सोड घरी. उतरनीचं दगड मला दिसत न्हाईत."

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आत्याचा वातींनी खरखरीत झालेला हात. पायऱ्या उतरताना पिशवी त्याच्या मांडीला लागून गुरगुरत होती, थांबत होती, पुन्हा गुरगुरत होती. दोन्ही हात गुंतलेले होते.

"सावकाश आत्या," तो म्हणाला. "म्होरं दगड हाय."

मागं नरसिंगनं तार छेडली.