थंड चिमणीची काजळी

सुग्रीव हवेची चित्रं काढायचा. काढायचा म्हणजे ब्रशला हातही लावत नसे. पांढरी धोतरं घरांच्या सपाट माळवदांवर अंथरायची, चारी टोकांवर दगड ठेवायचे आणि महिनाभर हवेतून जे खाली येईल ते येऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. ऊसतोड्यांचं हे पोर पुण्याला कला शिकून चाळिशीत गावी आलं ते असली थेरं घेऊन, म्हणून लोक हसत. पण गेल्या हंगामात अकरा माळवदांवरची अकरा धोतरं तव्याच्या बुडासारखी काळी झाली, तेव्हा हसणारे गप्प बसले. यंदा दुष्काळ. होता नव्हता तो ऊस चारा छावण्यांत गेला, सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. मग सुग्रीवनं ठरवलं, आता कोरी धोतरं अंथरायची आणि काळ्यांशेजारी पांढरी टांगून कारखान्याच्याच रिकाम्या साखर गोदामात प्रदर्शन मांडायचं. चेअरमन सुंदररावांनी लगेच परवानगी दिली. पांढऱ्या धोतरांपुढे फोटो काढून घ्यायला त्यांची कसली हरकत?

अकरावं माळवद वत्सलाबाईंचं. त्यांचा नवरा आसाराम बावीस वर्षं बॉयलरवर होता. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येईना. माळवदाच्या कठड्याला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन तो बसून राहायचा, आणि तसा बसल्या बसल्याच गेला. कारखान्यानं कागदावर कारण लिहिलं, बिडीचं व्यसन. गळ्यात माळ असलेला माणूस, जन्मात बिडीला शिवला नव्हता. वत्सलाबाईंना पैसा नको होता, कुणाला नोकरी नको होती. आसाराम धुरानं गेला, एवढं सुंदररावांनी चारचौघांत एकदा तोंडानं म्हणावं, यासाठी तीन वर्षं त्या कारखान्याच्या पायऱ्या झिजवत होत्या.

दहा माळवदांवर धोतरं पांढरीच राहिली. फार तर लाल धूळ बसली. वत्सलाबाईंच्या धोतरावर चौथ्या दिवशी काजळी दिसली. चुलीची नव्हे, बोटाला चिकटणारी, उसाच्या जळक्या चिपाडाचा गोडसर वास असलेली. सुग्रीवनं आधी धोतराकडे आणि मग कारखान्याच्या थंड चिमणीकडे बघितलं.

“काकू, तुमी तर न्हाई ना टाकली?”

“मी कावून टाकू रे?” त्या म्हणाल्या. त्यांना ते फार लागलं.

आठवड्याभरात धोतर गच्च काळं झालं. फक्त कठड्यालगत एक जागा कोरी राहिली. बसलेल्या माणसाच्या बुडाएवढा एक गोल आणि त्याच्यापुढे शेजारी शेजारी दोन तळवे.

आसाराम गेला तेव्हा, जीव पुढं कुठल्या जन्माला गेला ते ठशावरून कळावं म्हणून, रीतीप्रमाणे दिव्यापाशी पीठ पसरून वर पाटी झाकली होती. सकाळी पिठावर काहीच उमटलं नव्हतं, आणि शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या होत्या, “सुटला बघ.” तीन वर्षं वत्सलाबाई त्या एका शब्दावर जगल्या होत्या. आता धोतर त्यांनी त्या पिठासारखंच वाचलं. सुटला कुठला? इथंच बसलाय, आणि अजून तीच हवा ओढतोय. त्यांना रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. प्रदर्शनाच्या दिवशी धोतर त्यांनी स्वतः काखोटीला मारून गोदामात नेलं.

सुंदररावांनी ते नीट पाहिलं. मग हसून भोवतालच्या संचालकांकडे वळले. “बाई, चिमणी थंड हाय. मंग ही काजळी आमची कशी? तवाबी तुमचं असंच होतं. माणूस बिडीनं गेला, अन् नाव आमच्या धुराचं.” सगळे हसले. सुग्रीव मान खाली घालून उभा राहिला, कारण गोदाम त्यांचं होतं.

घरी येऊन वत्सलाबाई माळवदावर चढल्या. कठड्यापाशी कुणीच नव्हतं. तरी त्या तिथं बघून मोठ्यानं बोलल्या, “माज्यापशी बसून काय उपेग? ज्यानं सांगायचं, त्याच्या दारी जावा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सुंदररावांच्या पत्नी छबुबाई आल्या. आजवर या दारात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“चला जरा,” त्या म्हणाल्या. “साहेबांना आडवं हुता यीना. भिंतीला टेकून बसल्यात. तुमाला बोलवाया लागल्यात.”

बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, गच्चीच्या उघड्या दाराशी सुंदरराव बसले होते. गुडघे पोटाशी होते. बाहेर न बघता, एकेका शब्दाला दम घेत ते म्हणाले, “आसाराम... धुरानंच गेला. लिहून देतो. त्याला... घरी न्या.”

तीन वर्षांचं मागणं हातात पडलं होतं, आणि वत्सलाबाईंना काहीच वाटलं नाही. त्या उंबरठ्यावर आल्या. काल धुतलेली पांढऱ्या फरशीची गच्ची काळी झाली होती. त्यांनी नवऱ्याची जागा शोधायला सुरुवात केली आणि त्यांना ती सापडेना. गोल आणि दोन तळवे, त्यामागे गोल आणि दोन तळवे. वार्षिक सभेला सभासद सतरंजीवर बसतात तशा कोऱ्या जागांच्या रांगा थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत गेल्या होत्या. काही तळवे बायकांचे होते, काही अगदी लहान. सगळे दाराकडे तोंड करून.

“ह्यातले तुमचे मालक कोन्ते?” छबुबाईंनी विचारलं.

 वत्सलाबाई पहिल्या रांगेकडे बघत होत्या. तिथं मधोमध, दाराशी बसलेल्या सुंदररावांच्या बरोबर समोर, एका माणसाला पुरेल एवढी जागा दोन्हीकडच्यांनी सरकून मोकळी ठेवली होती, आणि ती अजून काळी होती.