रबरी चाकांची सवत

या, असे जवळ सरका. दारात कशाला उभे राहिलात? आत या, मांडी घालून बसा, आणि घाई आणली असेल ती बाहेर चपलांपाशी ठेवा. आज मी तुम्हाला माझ्या सख्ख्या ताईची आणि एका यंत्राची गोष्ट सांगणार आहे. यंत्राची म्हणून तोंड वाकडं करू नका. देवाची गाठ कुठे पडेल त्याचा नेम नाही. मला एकदा तो मशिनरीच्या दुकानात, ग्रीसच्या वासात भेटला. ऐका तर.

माझे भावोजी सुतार. घरामागे पत्र्याची एक लांबोडकी खोली आहे, तोच त्यांचा कारखाना. एका टोकाला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या टोकाला अंगणाचं, आणि मधोमध स्पिंडल मशीन. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी टेबल असतं, त्याच्या भोकातून एक दांडा उभा वर आलेला असतो. त्या दांड्यावर कटर बसवायचं. कटर गरगर फिरतं, आणि त्याच्या कडेने लाकूड सरकवत नेलं की लाकडाच्या अंगावर गोलाई, खाच, नक्षी, जे मनात असेल ते उमटतं.

पण लाकूड एका चालीने गेलं पाहिजे. हात रेंगाळला की लाकूड जळतं, काळा डाग पडतो. हाताने घाई केली की अंगावर लाटा उठतात, आणि मग पॉलिश कागदाने घासत बसा. म्हणून भावोजी अलीकडून ढकलायचे आणि ताई पलीकडून झेलून ओढून घ्यायची. दोघांची चाल एक राहावी म्हणून ताई गायची. आमच्या आईचं एक भजन होतं, संथ, पाळण्यासारखं झुलणारं. लग्नानंतर कधीतरी सहज सुरू झालं आणि पुढे ती कामाची रीतच होऊन बसली. गंमत म्हणजे मशीनच्या घरघरीत ते गाणं कुणालाच ऐकू येत नसे. भावोजींनाही नाही. त्यांचा एक डोळा कटरवर असायचा आणि दुसरा ताईच्या ओठांवर. त्या ओठांच्या चालीवर त्यांनी गावभरच्या चौकटी घडवल्या.

आणि मग ताईचा खांदा धरला. आधी तिने लपवलं, मग वेणी घालायला हात वर जाईना तेव्हा डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, लांब लाकडं ओढणं बंद. नेमकं त्याच सुमारास आमच्या प्रार्थनेच्या हॉलच्या बाकांचं काम मीच भावोजींना आणून दिलं होतं. लांबच लांब पाठी, प्रत्येकीच्या वरच्या कडेला गोलाई. त्यात जुन्या मशीनचं बेअरिंग म्हातारपणाला लागलेलं. भावोजींनी ठरवलं, नवीन स्पिंडल मशीन घ्यायचं आणि त्यावर फीडर बसवायचा. फीडर म्हणजे टेबलावर वाकून उभा असलेला एक लोखंडी हात. त्याच्या पोटाखाली रबरी चाकं असतात, ती लाकूड दाबून धरतात आणि आपणहून पुढे नेतात. माणसाचे हात कटरपासून लांब राहतात. झेलणाऱ्याने नुसता आधार दिला तरी पुरतं.

हे त्यांनी जेवताना सांगितलं. मीही पानावर होतो. ताईने वाढता वाढता हात थांबवला.

"म्हणजे माझ्या जागी मशीन."

"अगं, तुझ्या जागी नाही. तुझ्या खांद्याच्या जागी."

"खांदा काय माझ्यापासून वेगळं बिऱ्हाड करून राहतो?"

"डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टर म्हणाले ओढू नका. निवृत्त व्हा असं नाही म्हणाले. आणा, आणा! रबरी चाकांची सवत आणा घरात. ती या दारातून आली की मी त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. सांगून ठेवते!"

मी भाताकडे बघत राहिलो. अशा वेळी भाताकडे बघण्यासारखं शहाणपण नाही.

हात धुताना भावोजी माझ्या कानाशी आले. "अरे, हिचा खांदा वाचवायला जातोय, तर हीच हातची जायची वेळ आली. पलीकडे ती उभी नसेल तर त्या खोलीत मी एकटा काय करू? भुसा मोजू?"

फीडर आणला तर ताई जाते, नाही आणला तर तिचा खांदा जातो. अशा कात्रीत माणूस सापडला होता.

तरी एका सकाळी आम्ही तिघे माझ्या टेम्पोतून दुकानात गेलो. ताई का आली? "सवतीचं तोंड तरी बघते," म्हणाली. आत शिरल्या शिरल्या ती एका लाकडी खोक्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

दुकानदार गोल, हसरा, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधणारा. त्याने पहिलं मशीन दाखवलं ते एवढं अजस्र, की बाजूला उभे राहिल्यावर भावोजी दिसेनात.

"घ्या साहेब, तीन पिढ्या बघायला नको."

"हे घेतलं तर तिन्ही पिढ्यांना अंगणात झोपावं लागेल. आणि याला थ्री फेज लागणार. आमच्याकडे घरगुती वीज. हे सुरू केलं तर आळीभर अंधार."

"मग हे बघा. सुटसुटीत. पत्र्याचे पाय आहेत. वहिनीसुद्धा उचलून ठेवतील."

खोक्यावरून आवाज आला, "वहिनींना ओझं उचलायला डॉक्टरची मनाई आहे."

भावोजींनी त्या मशीनच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून जरा रेटलं. टेबल थरथरलं. "यावर फीडर बसवला तर तो लाकूड राहू देईल आणि मशीनलाच घेऊन जाईल. एवढं वजन पेलायला खाली दम पाहिजे."

तिसरं मशीन मधल्या अंगाचं. बिडाचं जाड टेबल, मोटार घरगुती विजेवर चालणारी, दांडा पाहिजे तर जाड बसवा, पाहिजे तर बारीक. भावोजींनी टेबलावर बोटाने टकटक केलं, दांडा हाताने फिरवून कान लावला, आणि वरचं झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं. "हे आपलं," म्हणाले. पोरीला स्थळ पसंत पडावं तसा चेहरा झाला त्यांचा.

खरा घोळ पुढे होता. दुकानदाराने फीडर लावला आणि एक लांब पट्टी त्याच्याखाली सोडली. चाकांनी ती गपकन धरली आणि नेली. भावोजी अर्धे डोळे मिटून उभे होते. चपलेतला अंगठा हलत होता.

"हा घाई करतो," ते म्हणाले.

दुकानदाराने पाना घेऊन गिअर बदलले. पुन्हा पट्टी.

"आता रेंगाळतो. मधलं काही नाही?"

"साहेब, गिअर आहेत. दोन गिअरच्या मधे काय असणार?" त्याने पुन्हा पाना फिरवला, पुन्हा पट्टी सोडली. "आता?"

"सुरुवात बरी होती. पुढे घाई केली."

"अहो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाल एकच आहे त्याची! लाकूड ओढायचंय की लग्न जुळवायचंय? सगळ्या दुनियेने हाच नेलाय."

इतका वेळ पाठ करून बसलेल्या ताईने तेव्हा मान वळवली. चोरून, एवढीशीच. आणि ती बघतच राहिली. मी तिच्या नजरेच्या मागे गेलो, तेव्हा मलाही दिसलं. भावोजींचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. पट्टी चाकांखालून जात होती आणि हा माणूस भरदुकानात आमच्या आईचं भजन म्हणून बघत होता.

"अहो," ताई खोक्यावरूनच म्हणाली, "दुसरी ओळ चुकताय."

भावोजी कानापर्यंत लाल झाले. "कुठे चुकलो?"

"तिथे श्वास घ्यायचा नसतो. तशीच ओढून तिसऱ्या ओळीला मिळवायची. तुम्ही मधे थांबता, म्हणून तो बिचारा घाई करतोय असं वाटतं तुम्हाला."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "हे काय चाललंय?"

"जरा थांबा," मी म्हणालो.

ताई उठून आली. कमरेवर हात. "मला घरी बसवायला यंत्र आणताय, आणि ते निवडताय माझ्याच गाण्यावर?"

"मग कशावर निवडू?" भावोजी म्हणाले. "मला दुसरं मापच येत नाही."

ताईने नाक ओढलं, पट्टीवरून बोट फिरवलं, आमची नजर चुकवून दुसरीकडे बघितलं, आणि मग एकदम दुकानदाराकडे वळली. "त्या पलीकडच्याला ते बटण कसलं?"

"त्याला गिअर बदलावे लागत नाहीत वहिनी. बटण फिरवलं की चाल कमी-जास्त होते."

"मग आधी का नाही बोललात? गाणं काय पाना घेऊन म्हणतात?"

फीडर बदलला. पट्टी चाकांखाली गेली, आणि ताई गायला लागली. मोठ्याने, खालचं मशीन बंद, नुसता फीडर चालू, म्हणून खणखणीत. खिळे घ्यायला आलेला माणूस खिळे विसरला. वजनकाट्यावरची बाई हात जोडून उभी राहिली. मला विचाराल तर इतकी वर्षं भजन-प्रवचनाच्या पुढच्या रांगेत बसलो, पण अंगावर असा काटा आला नव्हता. ताईचा एक हात बटणावर होता. हळूहळू ते फिरत गेलं, आणि दुसरी ओळ तिसरीला मिळाली तिथे थांबलं.

"हं. इथे."

दुकानदाराने चष्मा शेवटी डोळ्यांवर आणून आकडा पाहिला. "वहिनी, आम्ही याला मीटर प्रति मिनिट म्हणतो."

"म्हणा की. आम्ही याला आईचं भजन म्हणतो."

मशीन आणि फीडर घरी आले. भावोजींनी टेबलाला भोकं पाडून फीडर घट्ट आवळला, चाकांचं तोंड किंचित आत वळवलं, म्हणजे लाकूड कटरमागच्या आडव्या आधारपट्टीला चिकटून चालेल. बटणावर खडूची खूण केली. सगळं ठाकठीक. फक्त ताई आली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभी होती. शब्द म्हणजे शब्द.

"ये ना," भावोजी म्हणाले.

"मी सांगून ठेवलंय."

बाकाची पहिली पाठ आत गेली. चाकांनी धरली, कटर लागलं, भुसा उडाला. आणि हातभर लाकूड बाहेर येतं न येतं तोच ताईने नाक वर केलं.

"जळतंय."

"खुणेवर आहे बटण! तूच लावलंस!"

"खूण बरोबर आहे. पण आपलं जुनं मशीन दमून दमून फिरायचं. हे तरणंताठं आहे, भराभरा फिरतंय. याला ते भजन संथ पडतं. दुसरं घ्या, मी सकाळी म्हणते ते, जलद."

"मला सकाळचं येत नाही!"

"इतकी वर्षं ऐकताय!"

"ऐकलं कुठे? बघितलं! सकाळी मी तुझं तोंड बघत बसत नाही, चहा बघतो!"

मी हसायला लागलो, ताईही फसकन हसली. भावोजींनी मशीन बंद केलं. कटर थांबलं. लाकडाच्या कडेला तपकिरी डाग दिसत होता.

"मी म्हटलं होतं, सवत आली तर पाऊल टाकायची नाही," ताई शेवटी म्हणाली. ती फीडरकडे निरखून बघत होती. "पण ही कसली सवत? हिला धड गाता येत नाही, धड वास कळत नाही. ही तर सून आहे. नव्या सुनेला घरात एकटी सोडून कसं चालेल? सगळं जाळून ठेवेल."

आणि उंबरा ओलांडून ती आत आली.

भावोजी सवयीने ढकलायच्या जागेवर गेले. ताईने त्यांना कोपराने बाजूला केलं. "तुम्ही तिकडे. इथे आता बटण आहे, आणि बटण माझ्याकडे. लाकूड उचलून ठेवा टेबलावर, आणि पलीकडे जाऊन झेला."

"मी?"

"मग काय माझा खांदा?"

भावोजी पलीकडे गेले. ते त्या बाजूला कधी उभेच राहिले नव्हते. हात कुठे ठेवावा ते कळेना. ताईने लाकडाचं टोक चाकांखाली दिलं, बटण जरा पुढे सरकवलं आणि सकाळचं गाणं धरलं. लाकूड सरसर आलं, लोण्यासारखं. शेवटचं टोक सुटलं तेव्हा सगळा भार भावोजींच्या हातांवर आला आणि ते दोन पावलं मागे गेले.

"काय हो, मी कधी अशी धडपडले होते का?"

भावोजींनी ती पाठ हळूच भिंतीला टेकवली, आपला खांदा चोळला. "आजवर मला वाटायचं, ओढायचं काम ते काय," ते म्हणाले. "पुढचं दे."

ते बाक आमच्या हॉलमध्ये आहेत. अधूनमधून एखादा नवा बाक करून आणायला मी टेम्पो घेऊन जातो, तेव्हा ताईच्या हाताखाली बटण असतं आणि भावोजी पलीकडून तिच्या ओठांकडे बघत उभे असतात. तुम्ही कधी त्या बाकावर बसलात, तर पाठ टेकायच्या आधी वरच्या गोलाईवरून तळवा फिरवून बघा. एक लाट लागायची नाही. आणि डोळे मिटून हात जोडाल तेव्हा माझ्या ताईला आठवा, आणि देवाला तिच्या खांद्यासाठी एक शब्द सांगा.