झाकणातली चिठ्ठी

माझं अक्षर सुंदर आहे, हे लहानपणापासून सगळ्यांनी इतकं सांगितलं की मला त्याचा माज होता. इतिहासाच्या ग्रंथालयात आणि अभिलेखागारात सहा आठवड्यांच्या प्रात्यक्षिकासाठी गेले, तेव्हा तिथल्या प्रमुख बाईंनीही आधी अक्षरच पाहिलं. "झकास! अशीच मुलगी हवी होती," त्या म्हणाल्या आणि मी हुरळले.

बाईंच्या हातात कायम मोजायची टेप. तळघरातले कागद वाढत होते आणि भिंती काही वाढत नव्हत्या, म्हणून कुठे वीतभर जागा निघते का, हे त्या दिवसभर मोजत. शिपाईकाका त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत.

पहिल्याच सोमवारी एक मावशी आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, पाठीत वाकलेल्या. काकांनी काही न विचारता खोका क्रमांक एकशे बारा त्यांच्यापुढे आणून ठेवला. रंगाच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून नऊ माणसं गेली होती, त्याच्या चौकशीचे कागद त्यात होते. मावशींचा भाऊ त्या बॉयलरवर कामाला होता. रुग्णालयात जीव जाण्याआधी दोन दिवस त्यानं जबानी दिली होती.

"दादानं नऊ माणसं मारली, असं अजून बोलतात लोक," मावशी म्हणाल्या. "आणि इथं बघ. झडप बिघडलीय म्हणून त्यानं तीनदा सांगितलं होतं. खाली सही आहे त्याची." कागदाला बोट न लावता त्यांनी सही दाखवली.

"मग नक्कल का नाही घेतलीत?"

"संस्थेचं पत्र लागतं म्हणे. माझी कसली आलीय संस्था? शिलाई मशीन?"

"पुढच्या महिन्यात या. मी काढून देते," मी छाती फुगवून म्हणाले.

निघताना त्यांनी खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर सही केली आणि काकांनी शेजारी तारखेचा शिक्का मारला. खोका कुणी, कधी मागितला याची नोंद ती एवढीच. वाचकांची मोठी वही फक्त पत्रवाल्या संशोधकांसाठी होती.

दुसऱ्या आठवड्यात मला खोक्यांवर नवी लेबलं लावायचं काम मिळालं. लेबलं लावता लावता आतल्या चिठ्ठ्या दिसल्या. काही अगदी कळकट, कडा फाटलेल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी अशा साठ चिठ्ठ्या खरवडून काढल्या, टोपलीत टाकल्या आणि कोऱ्या करकरीत चिकटवल्या. जी चिठ्ठी जास्त फाटकी, तो खोका जास्त वापरातला, एवढं साधं गणित मला सुचलं नाही. बाईंनी वरची लेबलं पाहून पाठ थोपटली.

चौथ्या आठवड्यात जुने कागद बाद करणारी समिती आली. वीस वर्षांत ज्या खोक्याला कुणी हात लावला नाही, तो रद्दीत, असा नियम. बाहेरून आलेले तिघे सदस्य चहा पीत झाकणं उघडत होते, कोरी चिठ्ठी दिसली की क्रमांक सांगत होते, आणि यादी लिहायला मी. अर्थात, अक्षर चांगलं ना माझं! "एकशे बारा," एक जण म्हणाला. मावशींचा खोका. तरी मी लिहिलं. सुबक लिहिलं.

संध्याकाळी बाईंना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. "पंच्याहत्तर फूट जागा मोकळी होतेय आणि तू आता सांगतेस? लेखी दे. मग समिती पुन्हा बोलवू, तुझ्या कॉलेजलाही कळवू. प्रमाणपत्र मात्र विसर. उद्या सकाळपर्यंत ठरव."

घरी आईला विचारलं. "आधी प्रमाणपत्र हातात पडू दे," ती म्हणाली. एरवी आईचं एक अक्षर न ऐकणारी मी, नेमकं तेवढं ऐकलं. खोक्यातून ती जबानी काढून लपवणंही जमलं असतं. पण कागद जागचा हलवायचा नाही, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं आणि त्या नियमामागे लपणं मला फार सोयीचं पडलं. सकाळी मी काही बोलले नाही, बाईंनीही विचारलं नाही. शुक्रवारी रद्दीचा टेम्पो आला. काका रजेवर होते.

शेवटच्या दिवशी, सोमवारी, प्रमाणपत्र मिळालं. 'अत्यंत नीटनेटके काम' असा शेरा होता. ते हातात असतानाच मावशी आल्या. नकलेसाठी त्यांनी प्लॅस्टिकचं नवं पाकीट आणलं होतं. काका तळघरात गेले आणि रिकाम्या हातांनी वर आले.

"तो खोका कुणी कधी मागितलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "तशी नोंद आहे."

"मी मागत होते की! अकरा वर्षं, दर महिन्याला. झाकणात माझ्या सह्या आहेत." मावशी माझ्याकडे वळल्या. "ही सांगेल. हिनं पाहिलंय."

आता प्रमाणपत्र हातात पडलं होतं. मी सांगितलं. "त्या सह्या मी फेकल्या मावशी. चिठ्ठी फाटली होती म्हणून."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एक कोरी चिठ्ठी दे."

मी दिली. त्यांनी सावकाश लिहिलं, खोका क्रमांक एकशे बारा. खाली सही केली. "शिक्का मार," म्हणाल्या. मी आजच्या तारखेचा शिक्का मारला. शिक्का वेडावाकडा उमटला.

मावशींनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि रिकामं पाकीट उचललं.

"ही ठेव," त्या म्हणाल्या. "फाटली तरी टाकू नकोस."