हात वर होईपर्यंत

थोरली नात लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षीची गोष्ट. तिला जाऊन आठ दिवस झाले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आप्पा लेकीच्या लॅपटॉपवर वाकून एकेका ओळीवरून बोट फिरवत होते.

"सगळ्या हिरव्या, आणि ही एकच तांबडी का गं, ठके?"

पन्नाशीला आलेल्या लेकीला ठकी म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिनं हातातली बॅग खुर्चीमागे सरकवली. आप्पांच्या पोटाच्या तपासण्या झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र त्या बॅगेत होतं. पाच दिवस ते तिच्याबरोबर ऑफिसला जाऊन परत येत होतं. आप्पांना अक्षरओळख नव्हती तोवर घरातले कागद उघड्यावर पडलेले असायचे. पण पासष्टाव्या वर्षी नातीनं त्यांना वाचायला शिकवलं, आणि तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. सांगायचं म्हणून ती रोज तोंड उघडायची, आणि भाजी काय करू एवढं विचारून गप्प बसायची. पत्र आलं का, असं त्यांनीही एकदा विचारलं नव्हतं.

"ती चाचणी नापास झालीय," ती म्हणाली.

"कुणाची चाचणी?"

तिनं खुर्ची ओढली आणि सांगायला बसली. तिचं काम डीबगर तपासायचं. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामला हवं तिथं थांबवून त्याच्या आत डोकावणारा, चूक शोधायला मदत करणारा दुसरा प्रोग्राम. कॉम्प्युटरची मुख्य यंत्रणा प्रोग्रामांना अधूनमधून सिग्नल पाठवते: वेळ संपली, आवरतं घे, असले. डीबगर बसलेला असला की सिग्नल आधी त्याच्या हाती पडतो. तो प्रोग्रामला थांबवतो, काय आलंय ते दाखवतो, आणि मग सांगितलं असेल त्याप्रमाणे पुढे देतो नाहीतर आपल्यापाशी ठेवतो. हे तो नीट करतो का, ते पाहणाऱ्या दोनशे चाचण्या रोज सकाळी आपोआप चालायच्या.

"आपल्यापाशी ठेवला तर प्रोग्रामला कळतच नाही?"

"नाही. तो आपला चालत राहतो."

"पण आलेला असतो तो त्याच्याच नावानं."

ती गॅस बंद करायला उठली. गॅस बंदच होता.

"ही तांबडी लहरी आहे," ओट्याशी उभी राहूनच ती म्हणाली. "शंभरदा चालवली तर दोन-तीनदा पडते. डीबगरमध्ये शोधशोध शोधलं, काही सापडत नाही. साहेब म्हणतात, शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर चाचणीच काढून टाका."

"तुझे साहेब डॉक्टर झाले असते तर अवघड होतं." आप्पा पुन्हा त्या ओळीकडे वळले. "बरं, त्या चाचणीत सिग्नल सोडता कधी?"

"प्रोग्राम सुरू झाला की एक सेकंद थांबून."

"एकच का?"

"तेवढ्यात तो तयार होतो. सिग्नल आला तर काय करायचं, हे त्याला आधी नोंदवून ठेवावं लागतं. नोंदवायच्या आत आला तर तो तिथंच मरतो."

"तयार होतो, की होत असेल?"

तिनं परत येऊन चाचणीतली ती एक सेकंदाची ओळ उघडली.

आप्पांची तीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरशी गेली होती. भोंग्याची साखळी त्यांच्या हातात असायची.

"साडेसातला भोंगा दिला की पट्टे फिरायला लागायचे," ते म्हणाले. "पण घड्याळावर नाही द्यायचा. आवारात मुकादम उभा असायचा. सगळी माणसं यंत्रापासून लांब झाली की तो हात वर करायचा. मग मी साखळी ओढायची." त्यांनी टेबलावरचा एक कण बोटानं टिपला. "एकदा घाई केली. साडेसात वाजले होते, हात वर झाला नव्हता. ओढली. यंत्राला तेल घालणाऱ्याची दोन बोटं गेली. चौकशीत सगळे म्हणाले, पट्टा खराब होता. पट्टा बदलला. माझं नाव कुणी घेतलं नाही."

"हे कधी बोलला नाहीत."

"विचारलंस कुठं?"

गुरुवारी ती दुपारीच घरी आली. बॅग खुर्चीला अडकवून तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला. कामाच्या गर्दीत एखाद्या वेळी त्या छोट्या प्रोग्रामला एक सेकंद पुरत नव्हता. आता तयार झाला की तो तसं एका शब्दात लिहून कळवत होता, आणि तो शब्द दिसल्यावरच चाचणी सिग्नल सोडत होती.

"मुद्दाम कॉम्प्युटरवर बोजा टाकून दोन हजार वेळा चालवली, आप्पा. एकदाही पडली नाही."

"म्हणजे डीबगर निर्दोष."

"पहिल्यापासून."

"बिचारा. आमच्या पट्ट्यासारखा."

दोघंही हसली. हसू ओसरल्यावर आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला आणि खुर्चीत ताठ बसले. मग तिच्या बॅगेकडे बघत त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

"काय हवंय, आप्पा?"

हात खाली आला नाही.

बॅगेची चेन तिला दोनदा ओढावी लागली. पाकिटाचे कोपरे पाच-सात दिवसांत मऊ पडले होते. आप्पांनी हात खाली घेतला, पत्र उलगडलं आणि बोट ठेवून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत अडले.

"हे जोडाक्षर कसलं?"

"शस्त्रक्रिया," ती म्हणाली.

पुढचं ‘शक्य नाही’ त्यांनी स्वतःच वाचलं, न अडखळता. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग पत्राची होती तशी घडी घातली.

"हं," ते म्हणाले. "आज भाजी काय करतेस?"

आप्पा त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला सकाळी गेले.