वच्छलाबाईचं नाक

डोळ्यांवर फडकं बांधून झालं, तशी वच्छलाबाईनं मान वर केली आणि सांगून टाकलं, "मेथी!"

"थांबा आजी, अजून बाटलीचं झाकणच उघडलं नाही," प्राजक्ता म्हणाली.

कांदे साठवायच्या चाळीच्या तोंडाशी बसलेला तिचा मुलगा गोवर्धन खो खो हसला. सून शालू कांदे निवडत होती.

प्राजक्ता अमरावतीची नाक-कान-घशाची डॉक्टर. कांदाचाळीत जन्म घालवणाऱ्यांच्या नाकाचं पुढं काय होतं, यावर तिचा प्रबंध. नांदगाव खंडेश्वरच्या भवताली एकोणतीस नाकं तपासून झाली होती. तिसावं हे, सगळ्यांत नावाजलेलं. वच्छलाबाई चाळीतून एक फेरी मारायची आणि कोणत्या कप्प्यात कांदा सडतोय ते बोट ठेवून सांगायची.

"धामनगावच्या टेसनावर एकानं आमची भाकर चोरली," ती म्हणाली. "बडनेऱ्याले उतरला. म्या इथून वासावर धरला त्याले."

"मागं सांगतलं तवा तो अकोल्याले उतरला होता, माय," गोवर्धन म्हणाला.

"दोन चोर होते, बाबू."

पण पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट आवळलं होतं. पोळ्याला आलेल्या तापानं तिचा वास पार नेला होता. घरी कळलं की चाळीची फेरी गेली. खाटेवर बसवून लसूण सोलायला देतील.

पहिली बाटली झोंबली. "कांदा." बरोबर! दुसरीला तिनं सांबार, म्हणजे कोथिंबीर म्हटलं, निघाली मेथी. पुढच्याही अशाच हुकल्या. शेवटची तिनं लांबलचक हुंगली.

"पालक. कालचा तोडला हाये."

प्राजक्ता तिच्या कानाशी वाकली. "आजी, ही रिकामी आहे. कांदा नुसता झोंबला तुम्हाला. झोंबणं वेगळं, वास वेगळा. घरी सांगावं लागेल. उद्या गॅस गळला तर?"

वच्छलाबाईनं फडकं ओढून काढलं.

"गोवर्धन, मले वास येत नाई. पोळ्यापासून."

गोवर्धननं मांडीवर थाप मारली. "घ्या! आता डाक्टरीनबाईले बी सोडून नाई राहिली!"

"तुह्या गळ्याची आन, बाबू."

तो आणखीच हसला. शालू मात्र हसली नाही.

"खरं हाये जी," ती हातातल्या कांद्याकडं पाहत म्हणाली. "दोनदा दूध करपलं. सासूबाई तिथंच बसून होत्या. म्या सांगतलं नाई."

गोवर्धनचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "मंग परवाचा सडका कांदा कसा सापडला तुले?"

वच्छलाबाई उठली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि चाळीच्या पट्ट्यांच्या फटीतून त्याचा हात कोपरापर्यंत कांद्याच्या ढिगात घातला. मग बाहेर ओढून पुढच्या कप्प्यात घातला. तिथं तो तसाच उभा राहिला.

"गरम हाये," तो हळूच म्हणाला.

"चार दिवसांत सडन. आजच उपस."

तो टोपलं आणायला गेला.

प्राजक्तानं कागदाकडं पाहिलं. आठ चौकटी, सात फुल्या. ढिगातल्या हातासाठी चौकटच नव्हती. कागद खाली ठेवून तिनं बाही वर सारली.

"मी घालू, आजी?"

"घाल. पन घड्याळ काढ आंधी," वच्छलाबाई म्हणाली. "मागच्या साली एका सायबाचं आतच राहिलं. अजून बी टिकटिक आयकू येते."