चहासुद्धा बेतानं

लष्करी तळावरच्या रडारच्या मिस्त्रीची दारू साधीसुधी नव्हती. त्याला चावलेला डास भिंतीवर आपटत घरी जायचा, आणि त्याच्या श्वासानं खिडकीतला निवडुंग दुपारपर्यंत पेंगायचा. खोटं वाटत असेल तर डासाला विचारा.

एकदा तो झोकांड्या खातच कामावर गेला आणि त्याची सुरक्षा-मंजुरी गेली. मंजुरी नाही तर रडारच्या खोलीत पाऊल नाही. पठ्ठ्या गोदामात मोडक्या खुर्च्यांचे पाय ठोकत बसला. त्या ठोकाठोकीत अक्कल आली म्हणा की आणखी काही, पण तो दवाखान्यात भरती झाला, दारू सोडली आणि मंजुरी परत मागितली. आता चौकशी अधिकारी बाई घरी, शेजारीपाजारी विचारपूस करायला येणार होत्या.

बायकोनं कंबर कसली. सगळ्या गल्लीला पढवलं, "विचारलं तर सांगायचं, बिचारा चहासुद्धा बेतानं पितो!" मग ती आपल्या आईकडे वळली. "आई, तू बोलूच नकोस. नुसती मान हलव."

"कुठल्या बाजूला?" सासूबाईंनी विचारलं.

हे पढवणं मिस्त्रीला काही पटेना. पण बायकोपुढे तोंड उघडायची छाती कुणाची?

अधिकारी बाई गल्ली फिरून आल्या आणि खुर्चीत टेकल्या. "शिंपी म्हणाला, चहासुद्धा बेतानं पितो. न्हावी म्हणाला, चहासुद्धा बेतानं. समोरच्या आजोबांना तर ऐकू येत नाही. मी तोंड उघडायच्या आत तेही म्हणाले, चहासुद्धा बेतानं! मिस्त्री, ही गल्ली आहे की गायनाचा वर्ग?"

सासूबाईंची मान चारी दिशांना हलू लागली.

गप्प बसलो तर कदाचित निभेल, मिस्त्रीच्या मनात आलं. पण मग जन्मभर अख्ख्या गल्लीच्या हातात आपला कान! तो उठून उभा राहिला.

"मॅडम, मायेपोटी खोटं बोलतायत सगळे. मी प्यायचो. पिऊन कामावरही गेलो. दवाखान्यात सुटली. मोह होतो अजून, म्हणून दारू सोडलेल्यांच्या बैठकीला दर आठवड्याला जातो."

"अहो!" बायको किंचाळली.

"सुटले बाई! मान मोडायची वेळ आली होती," सासूबाई म्हणाल्या. "आणि मॅडम, हेही ऐका. परवा माझ्या धाकटीच्या लग्नात नव्या व्याह्यांनी जावईबापूंपुढे ग्लास भरला. यांनी तो कुंडीत ओतला. व्याही रुसले ते रुसलेच!"

अधिकारी बाई पहिल्यांदा हसल्या. "सोडल्याचं मी डॉक्टरांना विचारूनच आले होते. हा माणूस झाकतो का, तेवढं बघायचं होतं. झाकलेलं कुणीतरी हेरतं, मग तेच धरून धमकावतं आणि रडारच्या खोलीतल्या गोष्टी काढून घेतं. तुमच्याकडे धरायला काही उरलंच नाही!"

मंजुरी आली. मिस्त्री ताठ मानेनं आत गेला, कुरकुरणाऱ्या यंत्राला कान लावला, एक पेच आवळला, आणि पडद्यावर आभाळ असं लख्ख उमटलं की चार डोंगरांपलीकडच्या घारीच्या चोचीतल्या उंदराच्या मिशाही दिसल्या.

बाहेर फाटकावर सासूबाई रखवालदाराला ठणकावत होत्या, "माझा जावई आत आहे! काय करतो ते विचारू नका. मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं!"